संध्याकाळची उजळणी

१

रोज सकाळी इमारतीच्या दारात आम्ही आपापला फोन एका ट्रेमध्ये ठेवायचो आणि मोकळे हात हलवत आत जायचो. बाहेरच्या पाटीवर ‘हवामान नोंदी, जुना विभाग’ असं लिहिलेलं होतं. एकदा एक म्हातारे गृहस्थ आत शिरून विचारायला लागले, उद्या पाऊस आहे का? आमच्यातल्या एकाने छातीठोकपणे ‘अजिबात नाही’ असं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी धो धो पडला. देशाचं हेरखातं आणि उद्याचं एवढंही सांगता येत नाही, यावर आम्ही कितीतरी दिवस हसत होतो.

पूर्वी तिथे फोन बंद करून कपाटात ठेवायची पद्धत होती. मी कॉलेजातून थेट या नोकरीत आले होते आणि मला जुन्या पद्धतींचा मनापासून राग होता. मी काय केलं, तर बाजारात कुणालाही विकत मिळते ती माहिती आणली. कोणता फोन कधी कुठे होता, हे खेळांची आणि खरेदीची ॲप्स सर्रास विकतात. ती घेऊन बसले आणि एका दुपारात अख्खं खातं शोधून दाखवलं. अवघड काहीच नव्हतं. जे फोन रोज सकाळी एकाच रस्त्यावर येऊन मरतात आणि संध्याकाळी तिथेच जिवंत होतात, ते आमचे. मग त्यांच्या मागे मागे थेट त्यांच्या घराच्या दारापर्यंत जाता येत होतं. मी बैठकीत आमच्या प्रमुखांच्याच घराची गच्ची पडद्यावर दाखवली. गच्चीवर त्यांच्या चादरी वाळत होत्या.

आमच्या प्रमुख म्हणजे हेडबाई. चष्मा नाकाच्या टोकावर आणि नजर त्याच्या वरून, म्हणून हे नाव. तोंडावर अर्थातच ‘मॅडम’. त्या बराच वेळ चादरींकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग काय करायचं म्हणतेस?”

“आपलं गप्प बसणंच आपल्याला उघडं पाडतंय, मॅडम. आपले फोनसुद्धा चार लोकांच्या फोनसारखे दिवसभर बडबडत राहिले पाहिजेत.”

मला हे वाक्य फार आवडलं होतं. मला तेव्हा खरोखर वाटायचं की माहिती नीट वाचणारं खातं लोकांची दारं कमी फोडतं.

२

तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत पाळणाघर झालं. नाव शंकासुरने ठेवलं. शंकासुर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, लग्न झालेला, आणि सूर्य उगवला तरी ‘नक्की पूर्वेलाच ना?’ असं विचारणारा. मला तो ‘क्रांतीबाई’ म्हणायचा.

“क्रांतीबाई, चला, लेकरं सोडून येऊ,” असं म्हणत तो ट्रे उचलायचा.

खोलीत भिंतीभर खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेत एक फोन. दिवसभर ते एकेक करून उजळायचे, बातम्या वाचायचे, कुणाचे फोटो आवडल्याचं कळवायचे. काही फोन एका गाडीतून गावभर फिरून यायचे. सुरुवातीला यंत्रणा आमच्या वतीने फक्त लेखी निरोपांना उत्तरं द्यायची. मग तिला आमचा आवाज आला. त्यासाठी आम्ही प्रत्येकाने एका बंद खोलीत बसून वाट्टेल ते वाचून दाखवलं होतं. मी बसचं वेळापत्रक वाचलं होतं. उरलेलं यंत्रणेने आमच्या जुन्या बोलण्यावरून उचललं.

आणि मग आली उजळणी. निघण्याआधी प्रत्येकाने हेडफोन लावून बसायचं आणि दिवसभर ‘आपण’ कुणाशी काय बोललो ते ऐकायचं. नाहीतर घरी बायको विचारणार, दूध आणलंत का, आणि हा म्हणणार, कुठलं दूध? संध्याकाळी उजळणीच्या दालनात ओळीने सगळे मोठे अधिकारी कानाला हेडफोन लावून, ओठ हलवत बसलेले असायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशीची पोरं जशी.

“बायको काय म्हणाली माहितीये?” शंकासुर एकदा हेडफोन काढत म्हणाला. “म्हणे, दिवसा तुम्ही किती बरे असता हो. संध्याकाळी कोण अंगात येतं?”

आम्ही पोट धरून हसलो.

३

मला उजळणीत एकच आवाज ऐकायचा असायचा, आईचा. वडील गेल्यापासून ती बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच्या गावात एकटी राहायची. शिवणकाम करायची. बैठ्या घरांच्या ओळीतलं शेवटचं घर, रस्त्याकडच्या खिडकीखाली तिचं पायमशीन. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागायची आणि ते तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तिला माझ्याकडे आणणार होते, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार होते. कधी, असं तिने विचारलं की मी म्हणायचे, “बघते.”

“तुझं ‘बघते’ म्हणजे बंद दुकानाची पाटी,” ती म्हणायची.

मी चिडायचे. आईचं बोलणं मला कधी पुरं ऐकवलंच नाही. ती गोष्ट सुरू करायची ती गावाच्या वेशीपासून, आणि मला थेट घरात शिरायचं असायचं. तिच्या दाराच्या कडीसारखं होतं ते. ती कडी आधी वर उचलून मग ओढावी लागायची. मला ती कधीच पहिल्या खेपेला निघाली नाही. मी झटके देत राहायचे, शेवटी आई यायची, माझा हात बाजूला करायची आणि म्हणायची, “घाई करतेस म्हणून अडते.”

पाळणाघरातल्या माझ्या आवाजाला घाई नव्हती. “मग? मग पुढे काय झालं, आई?” असं तो विचारायचा. आई सांगत जायची. लग्नानंतर तिने शिवलेला पहिला सदरा, त्याची उलटी लागलेली बाही, वडिलांनी तो तसाच घालून कामावर जाणं. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. हेडफोनमध्ये आई हसत होती आणि मी हसत होते, आणि मी मात्र खुर्चीत ओठ घट्ट मिटून बसले होते.

संध्याकाळी दारात फोन परत मिळाला की मी तिला लावायचे.

“अगं, आत्ताच तर एवढं बोललो. आता काय राहिलं?”

“काही नाही. सहज.”

“तू संध्याकाळी अशी तुसडी का होतेस गं? दमतेस का?”

काय सांगणार? मी हवामानाच्या नोंदी ठेवते, एवढंच तिला माहीत होतं.

४

उजळणीच्या हेडफोनमध्ये डाव्या कानात आपली बाजू यायची आणि उजव्या कानात पलीकडची. आईकडचा पंखा जुना होता, प्रत्येक फेऱ्याला टक् करायचा. तो मला उजव्या कानात ऐकू यायचा आणि बरं वाटायचं.

एके दिवशी तो मला डाव्याही कानात ऐकू आला.

पाळणाघरात पंखा नव्हता. थंड हवेचं यंत्र होतं, त्याचा एकसुरी घूं आवाज. शिवाय फोनवर बोलणारं तिथे कुणी नव्हतंच, आवाज तयार होऊन थेट तारेत जात होता. मी स्वतःला समजावलं की पलीकडचा आवाज थोडा झिरपत असेल, असं होतं. मी उजवा कान काढून ठेवला आणि फक्त डावा ऐकला.

माझ्या आवाजामागे एक खोली होती. खुर्ची करकरली. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. टक्, टक्, पंखा. आणि खोलीत पलीकडे, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यासारखी, आई बोलत होती.

मी हेडबाईंकडे गेले.

“पार्श्वभूमी लागतेच,” त्या म्हणाल्या. “पोकळीतून बोलणारं माणूस कुणाला खरं वाटेल? यंत्रणा जमेल तिथून आवाज उचलते.”

“पण कुठून, मॅडम?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तुझीच तर कल्पना. तुलाच ठाऊक.”

खरं सांगायचं तर आता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. यंत्रणेला एवढंच सांगितलेलं होतं की खंड पडू द्यायचा नाही. कसा पडू द्यायचा नाही, ते तिचं ती शिकत होती.

५

त्यानंतरच्या आठवड्यात मी हे ऐकलं.

आई म्हणाली, “ही मेली सुई. शेजारीण पण घरात नाही आज.”

मी म्हणाले, म्हणजे माझा आवाज म्हणाला, “आण इकडे. मी ओवून देते.”

फक्त पंखा. मग दोऱ्याचं टोक दातांनी तोडल्याचा बारीकसा कट् असा आवाज, डाव्या कानात.

“हं. घे,” माझा आवाज म्हणाला.

“आलं की गं लगेच! तरुण डोळे ते तरुण डोळे,” आई म्हणाली, आणि मशीन सुरू झालं.

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. आई थट्टेत बोलली असेल. शेजारीण आली असेल आणि आई तिच्याशी बोलत असेल. यंत्रणेला ‘ओवून देते’ हे वाक्य माझ्याच जुन्या फोनमधून सापडलं असेल, कारण कधीतरी मी ते म्हटलं असणारच. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण होतं. सगळी कारणं एकत्र ठेवली की मात्र मी ते पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घ्यायचे.

शंकासुरला मी ते ऐकवलं. वाटलं, हा तरी नक्की का म्हणून विचारेल. त्याने हेडफोन काढला आणि टेबलावर नीट, फार नीट ठेवला.

“परवा मी घरी गेलो,” तो म्हणाला. “बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, ‘परत का आलात? काय विसरलं?’”

“थट्टा केली असेल.”

“मलाही तेच वाटलं. म्हणून हसलो. ती नाही हसली गं. टेबलावर माझं ताट होतं. खरकटं.”

मी काहीतरी विनोद शोधत होते. तो माझ्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न नव्हता.

६

पुढच्या सोमवारी त्याची खुर्ची रिकामी होती. मंगळवारीही. मी ट्रे घेऊन पाळणाघरात गेले तेव्हा त्याचा फोन खाचेत होता आणि उजळत होता. मी जवळ गेले. कुणीतरी ‘संध्याकाळी लवकर येताय ना’ असं विचारलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर उत्तर उमटलं, ‘घरीच आहे. तू ये.’

“त्याचं काय झालं?” मी हेडबाईंना विचारलं.

“रजेवर आहे.”

“फोन तर इथे आहे.”

“मग तो आहेच की.” त्या चादरीची घडी घालावी तशा शांतपणे बोलत होत्या. “हे बघ, रजा, आजारपण, राजीनामा, काहीही असो, फोन इथून हलणार नाही. एक गप्प झाला तर बाकीच्यांचा माग लागतो. हे मला कुणी शिकवलं?”

“मॅडम, माझा बंद करा. फक्त आईपुरता. मी तिच्याशी दिवसा बोलणार नाही, एवढंच. एका म्हाताऱ्या बाईला दुपारचा फोन आला नाही तर कोणता शत्रू जागा होतो?”

“ती रोज बोलते. उद्या बोलली नाही, तर तोच खंड.” क्षणभर त्यांचा आवाज खाली आला. “माझ्या घरी तीन वर्षांचा नातू आहे. मी आता रविवारी त्याला उचलून घ्यायला गेले की रडतो. म्हणतो, ही आजी नको.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसत राहिल्या. मला वाटलं होतं, वर कुणीतरी असेल ज्याच्या हातात याचा चाप असेल. मी त्या वर असणाऱ्या माणसासमोरच उभी होते.

७

मग एका संध्याकाळी उजळणीत आईच्या नावापुढे ‘आज संवाद नाही’ असं आलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. सुईच्या त्या प्रकारानंतर मी स्वतः तिला संध्याकाळी फोन लावायला धजावले नव्हते. मला इतकं हलकं वाटलं की मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. म्हणजे हेडबाईंनी माझं ऐकलं! गुपचूप केलं, पण केलं. दारात फोन हातात पडताच मी रस्त्यावर उभी राहूनच तो लावला. आज मी तिला सगळं बोलू देणार होते, अगदी वेशीपासून.

बराच वेळ कुणी उचलला नाही.

“कोण?” आई म्हणाली. तिला धाप लागली होती.

“मी, आई.”

“अगं बाई, फोन कुठे ठेवलाय तेच आठवेना. कशाला केलास?”

“दोन-तीन दिवस बोललो नाही ना आपण.”

आई हसली. लहान मूल काहीतरी वेडंवाकडं बोललं की हसावं तशी. “सकाळपासून तोंड दुखेपर्यंत बोलतोय की. तुला झालंय काय?”

“फोनवर?”

“फोन कशाला लागतो आता?” आई म्हणाली.

तिच्यामागे पंखा टक् टक् करत होता. त्याच्याही मागे कुणीतरी कपबश्या विसळत होतं, आणि नळ बंद झाला. मग आई फोनपासून तोंड लांब नेऊन, कुणाला तरी, प्रेमाने म्हणाली, “काही नाही गं. असाच कुणाचा तरी.”

फोन ठेवला गेला.

८

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा फोन ट्रेमध्ये ठेवला, आत गेले, आणि मागच्या दाराने बाहेर पडले. तिकीट खिडकीवरच काढलं. बसमध्ये माझ्याजवळ माझी ओळख पटवणारं काहीही नव्हतं. आमच्या खात्याची ओळखपत्रं बाहेर न्यायची नसतात. शेजारच्या बाईने विचारलं, कुठे निघालात, तर मी ‘आईकडे’ म्हणाले, आणि ते बोलताना माझा आवाज मला परका वाटला. जरा घाईचा, जरा कोरडा. मी तो शब्द मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला, अधिक मऊ. हेडफोनमधल्या तिच्यासारखा.

मी मनात काय काय ठरवलं होतं! सगळं सांगणार, गुप्ततेची शपथ गेली खड्ड्यात. आईला तसंच उठवणार, दोन कपडे घेणार आणि तिला घेऊन जाणार, जिथे फोन नाही अशा कुठल्याही ठिकाणी. डोळे तपासणार. ‘बघते’ म्हणणार नाही, आज करणार.

दुपारचं लख्ख ऊन होतं. बैठ्या घरांच्या ओळीत कुणी नव्हतं. शेवटच्या घरातून मशीनचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावर दोन बायकांच्या गप्पा. एक आई.

मी खिडकीशी गेले.

आतल्या कट्ट्यावर आईचा फोन पालथा पडला होता. त्याच्याभोवती मापाची टेप गुंडाळलेली होती आणि वर चिंध्यांचं तूस साचलं होतं. आई मशीनवर बसली होती. तिच्यासमोरच्या खुर्चीची पाठ माझ्याकडे होती, आणि पाठीवर शिवायचं कापड टाकलेलं होतं, त्यामुळे खुर्चीत कोण आहे ते दिसत नव्हतं. मशीन थांबलं. आईने हात पुढे केला, आणि कापडाआडून एक हात तिच्याकडे आला, चिमटीत सुई, सुईत दोरा.

मी तो हात पाहिला. मग मी माझा हात पाहिला. परत तिकडे पाहायचं माझ्याने झालं नाही.

“आई,” मी म्हणाले.

आईने मान वर केली. तिच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं, बुबुळांवरचा तो पांढुरका पडदा चमकला. ती माझ्याकडे बघून हसली. कपडे शिवायला टाकायला आलेल्या माणसाकडे बघून हसते तसं, नीट, सभ्य. आणि हात वर करून तिने खूण केली, थांबा हं जरा.

मी दाराशी धावले. मी दोन्ही हातांनी दार वाजवलं. मी ओरडले, “आई, मी आहे! मी आलेय! दार उघड!” माझा आवाज फाटला होता. मलाच तो ओळखू येत नव्हता, मग ती कसा ओळखणार?

आत खुर्ची सरकली.

“बस तू, आई,” आतून माझा आवाज म्हणाला. “मी बघते.”

पावलं दारापर्यंत आली. मी हात मागे घेतले. आणि मग पलीकडून कडी वर उचलली गेली, हळूच, जराही घाई न करता, आणि पहिल्याच ओढीला निघाली.